अप्पांच्या भिंतीचं माप

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खरंच आहे ते. पण एक तीळ मी इतकी वर्षं जिभेखाली धरून ठेवलाय — नवऱ्याला कळू दिला नाही, देवापुढेसुद्धा काढला नाही. आज तुम्हाला सांगते. का तुम्हालाच, ते विचारू नका.

गोष्ट टीव्हीची आहे. हसू नका.

आम्ही म्हैसूरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्यांचे शिंपी. अप्पांनी मला शाळेतून काढून मशीनवर बसवलं आणि माझ्या धाकट्या भावाला, रघूला, इंजिनिअर केलं. तो गेला कॅनडाला. मी अप्पांच्याच दुकानात ब्लाउज शिवत राहिले. पुढे अप्पा पडले, खुब्याचं हाड मोडलं. दिवसभर त्यांच्याजवळ बसायला घरी कुणी नव्हतं, म्हणून गावातच, विजयनगरातल्या एका वृद्धाश्रमात त्यांना खोली घेतली. संध्याकाळी दुकान बंद करून मी डबा घेऊन जायची. रोज जायची. बघा — हे सांगितल्याशिवाय मला अजूनही राहवत नाही.

मी जायची तेव्हा अप्पा बनियनवर असायचे. रविवारी मात्र रघूचा फोन! मग सकाळीच दाढी, डोक्याला तेल, इस्त्रीचा पांढरा शर्ट. माझ्यासाठी कधी शर्ट घातला होता का त्यांनी? पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. काचबिंदूनं त्यांची नजर निम्मी गेली होती. फोन नाकाला टेकवून म्हणायचे, "रघू, जरा जवळ ये रे." जणू तो तिकडे दोन पावलं पुढे सरकला की इकडे मोठा दिसणार होता! मी शेजारीच प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली असायची, डब्यातलं सारू, आमचं डाळीचं सार, गार होत असायचं. मला कधी जवळ ये म्हणाले नाहीत ते.

मग रघूनं युक्ती काढली. म्हणाला, मोठा टीव्ही घ्या, फोनवरचं चित्र त्यावर आणता येतं, अप्पांना माझा चेहरा नीट दिसेल. अप्पा लहान मुलासारखे हरखले. फक्त एक अट — पोरांचा पैसा नको, त्यांचं जुनं मशीन विकून आलं त्यात बसेल तो टीव्ही घ्यायचा. खरेदी अर्थातच माझ्याकडे. कॅनडातून युक्त्या येतात, पिशव्या मीच उचलायच्या.

मी आदल्या दिवशी खोलीत जाऊन कपाट आणि खिडकीच्या मधल्या भिंतीला टेप लावली. मोठा टीव्ही बसून वर वीतभर जागा उरत होती. हे नीट लक्षात ठेवा.

दुकानदार भला माणूस. तेवढ्याच पैशात त्यानं एक मोठा टीव्ही दाखवला — दुकानात मांडून ठेवलेला, कडेला ओरखडा, म्हणून स्वस्त. स्वतःच्या फोनवरून त्यानं आपल्या मुलीचा चेहरा त्यावर आणला. केवढा चेहरा! हसली तर पडलेल्या दाताची जागा दिसत होती. म्हणजे रघू एवढा होणार? अप्पांच्या भिंतीवर, एवढा? आणि मी त्याच्या पायाशी स्टुलावर, सारूचा डबा धरून?

हेवा. दुसरा शब्द नाही त्याला. मी दुकानदाराला म्हटलं, लहानच द्या. साधा द्या, फोनचं चित्र न येणारा, इंटरनेटबिंटरनेट नको.

अप्पांना सांगितलं, "मोठा बसत नाही. दोन इंच कमी पडतात."

"टेप लावलीस?"

"लावली."

"मग सरी. सुम्ने, उगाच कशाला भिंतीशी भांडायचं."

संपलं. एका शब्दानं शंका घेतली नाही. कशी घेतील? गिऱ्हाइकाला वायद्याची थाप मारावी, उद्या देतो म्हणून परवा द्यावं, पण माप खोटं सांगू नये — हे त्यांनी मला हातात कात्री देण्याआधी शिकवलं होतं. शिंप्याच्या पोरीनं मापच खोटं सांगितलं.

पण थांबा. एवढंच असतं तर केव्हाच बोलून मोकळी झाले असते.

पुढच्याच रविवारी मी जरा लवकर पोचले. दार उघडंच होतं. फोन पलंगावर, त्यातून रघूचा आवाज — अप्पा, दुकानदार अजून बदलून देईल, अक्काला पुन्हा विचारा ना. अप्पा एका हातानं वॉकर धरून भिंतीशी उभे होते. दुसरा हात कपाटापासून खिडकीकडे चालला होता, वीत वीत करत. आयुष्यभर त्यांनी टेपेआधी वितीनं मापलं, आणि त्यांची वीत कधी चुकली नाही. हात खिडकीशी पोचला. थांबला. मग लहान टीव्हीच्या बाजूची उघडी भिंत त्यांनी तळव्यानं हळूहळू चाचपली, कापडाचा पोत बघावा तशी.

"नाही रे," ते फोनकडे वळून म्हणाले, "बसत नाही. अक्कानं टेप लावलीय. तिचं माप चुकत नाही. साकु आता, पुरे, बेडा तो विषय."

मला तेव्हा काय वाटलं, सांगू? लाज वाटायला हवी होती. ती नंतर आली, पुष्कळ आली. पण त्या क्षणी — मला आनंद झाला. उकळ्या फुटल्या मनात. रघूला त्यांनी नाही म्हटलं, आणि माझ्यासाठी म्हटलं! आयुष्यात पहिल्यांदा. टीव्ही बदलून आणणं अजून माझ्या हातात होतं. पण बदलला असता तर ते 'नाही' परत गेलं असतं ना? ते मला सोडवेना.

मी आत गेले, डबा उघडला. "आज काय?" त्यांनी विचारलं. बीन्सची पल्या, परतलेली भाजी, मी म्हटलं. त्यांनी डबा पुढे ओढला.

त्या दसऱ्यापर्यंत त्यांची उरलेली नजरही गेली. रघूचा चेहरा त्यांना नजर होती तोवर नखाएवढाच दिसला. रविवारचा शर्ट मात्र ते घालत राहिले, बटणं चाचपत.

ते गेल्यावर रघू आला. खोली रिकामी करताना तो त्या भिंतीपुढे उभा राहिला, इंजिनिअरसारखी मान तिरकी करून. "जागा खरंच कमी आहे गं, अक्का," म्हणाला आणि रडायला लागला.

मी दुकानातून तशीच आले होते. टेप माझ्या गळ्यात होती.

"हो रे," मी म्हटलं.