दगडावरची नावं

जयपूरला बदली होऊन दोन वर्षं झाली होती. एका रविवारी बँकेतल्या मित्रांबरोबर नसीराबादची इंग्रजांची छावणी पाहायला गेलो. ते चर्चसमोर कॅमेऱ्याचा रोल संपवत बसले, मी गोऱ्यांच्या दफनभूमीत शिरलो. तिथला म्हातारा राखणदार फडक्याने थडगं पुसायचा आणि म्हणायचा, "पढ दो, बाबूजी. मुझे अंग्रेजी नहीं आती." मी वाचलेलं प्रत्येक नाव तो मोठ्याने पुन्हा घ्यायचा.

"घर से दूर पडे हैं. कोई तो नाम ले."

निघताना त्याने माझं नाव विचारलं. बँकेच्या सवयीने मी आडनाव सांगितलं. त्याने मान हलवली. "घर में जो बुलाते हैं, वो."

मी सांगितलं. त्याच आवाजात त्याने तेही मोठ्याने घेतलं. जयपूरला आल्यापासून ते मला कुणी समोर उभं राहून म्हटलं नव्हतं.