रात्री काय दिसलं?

डॉक्टर कधी कुणाला नमस्कार करीत नसत. समोर माणूस आला की चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाला पुसायचा आणि विचारायचं, "रात्री काय दिसलं?" एस.टी.च्या कंडक्टरला विचारलं, तलाठ्याला विचारलं, दुष्काळी कामाच्या पाहणीला आलेल्या साहेबालाही विचारलं. त्या साहेबांनी सांगितलं, की सरकारी नोकरी लागल्यापासून आपल्याला स्वप्न म्हणून पडलेलं नाही. हे उत्तर डॉक्टरांच्या मनातून जाईना. पुढं कितीतरी दिवस ते मला म्हणत होते, "बाई, त्या बिचाऱ्याचं काहीतरी करायला हवं हो."

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस आला असेल. पहिल्या भेटीत आपण त्याला वेडा ठरवतो आणि पुढं आयुष्यभर इतर शहाण्यांची त्याच्याशी तुलना करत बसतो. मी तर शहाण्यांवर तेव्हापासूनच डूख धरून आहे.

मी तेव्हा पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेवर होते. माझं माहेर राहात्याचं. पाटाचं पाणी दाराशी खेळतं, ऊस डोक्यावर जातो, अशा मुलखातली मी, आणि बदली झाली ती नेमकी बहात्तरच्या दुष्काळात या कोरड्या अंगाला. गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, उरलेली पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. घरोघरी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. गुरं सगळी छावणीत, नाहीतर बाजारात. गोठ्यांमध्ये रिकामे खुंटे तेवढे राहिले होते.

अशात हे गृहस्थ पुण्याहून आले. शाळेच्या मागची खोली त्यांनी घेतली. डॉक्टर आले म्हटल्यावर बायका तापलेली पोरं घेऊन धावल्या. यांच्याकडे ना सुई ना गोळी. मी त्यातला डॉक्टर नाही, पुस्तकातला आहे, असं ते ओशाळून सांगत राहिले. शेवटी आमच्या कौसाबाईनं, खडीच्या कामावर जाणाऱ्या एका म्हातारीनं, निकाल दिला: "ह्यो सुईचा डाक्टर न्हाई. सपनाचा हाय." तेच नाव गावात रूढ झालं.

ते परदेशात राहून दोन विद्या शिकले होते. एक माणसांच्या चालीरीतींची आणि दुसरी मनाच्या तळाची. आपल्याकडच्या खेड्यात या दोन्ही विद्या एकत्र घेऊन तोवर कुणी पाऊल टाकलं नव्हतं. त्यामुळे त्यांना कुणी आपलं म्हणेना. चालीरीती शिकवणारे म्हणत, हा वेड्यांचा वैद्य. वैद्य म्हणत, हा देवदेवस्कीवाला. त्यांच्या वरच्या प्राध्यापकांनी तर तोंडावर सांगितलं होतं, की खेडुताला पोट असतं, मन नसतं, तो तुम्हाला काय स्वप्नं सांगणार? एक वर्ष जा आणि दाखवा. दाखवलंत तर या विषयाची नवी शाखा उघडू, नाहीतर येऊन पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत बसा. म्हणजे खेड्यातल्या माणसाला मन असतं हे सिद्ध करायला हे गृहस्थ पाथर्डीला आले होते. हे सिद्ध करावं लागतं, याचंच मला तेव्हा नवल वाटायचं. आता वाटत नाही.

माझा संबंध आला तो बायकांमुळे. परक्या पुरुषाजवळ बाई एकटी कशी बसणार? म्हणून सकाळी शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यावरही मी त्यांच्या ओट्यावर स्वेटर विणत बसायची. बोलायचं काम माझं नव्हतं. ऐकू मात्र सगळं यायचं.

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग एका सकाळी कौसाबाई आली. चूळसुद्धा न भरता, तशीच. म्हणाली, रात्री सपनात विहिरीत उतरले तर तळाशी नातू बसलेला. त्याच्या हातात भाकरी. ती हिसकून मी खाल्ली आणि तो नुसता बघत राहिला. एवढं बोलून ती उठली, पदर झटकला आणि खडी फोडायला गेली.

डॉक्टरांनी वही मिटून ठेवली. मला म्हणाले, "बाई, तिकडे परदेशात माणसं वर्षभर पैसे मोजून मनाच्या वैद्याकडे जातात, तरी इतकं खरं बोलत नाहीत."

मग रीघच लागली. रोज सकाळी, कामावर जायच्या आधी, उपाशीपोटी माणसं ओट्याशी येऊन थांबायची. कुणाचा मेलेला बाप जेवायला बसलेला, ताटात माती. कुणाच्या तान्ह्या मुलाला दात आलेले, सगळे काळे. एका धिप्पाड गड्याला दिसलं, की आपण आईला बाजारात उभी केली आहे आणि गिऱ्हाईक तिचे दात बघतंय. तो सांगताना रडला आणि सांगून झाल्यावर हलक्या पावलानं निघून गेला. ते सगळे असेच हलके होऊन जायचे. जड होऊन बसायचे ते फक्त डॉक्टर.

दुपारी ते मला समजावून सांगत. परदेशी पंडितांचं म्हणणं असं, की मुलगा मनातल्या मनात बापाशी भांडत असतो. डॉक्टर म्हणायचे, इथं बापच रोज आभाळाकडं बघून भितो, त्याच्याशी पोर काय भांडणार? इथलं भांडण भाकरीशी आहे. जी आई देते तिच्याकडे द्यायला नाही, म्हणून तिचा राग येतो. राग आला याची लाज वाटते, आणि ती लाज रात्री शिक्षा घेऊन येते. मी म्हटलं, पोटभर जेवू घाला, सगळी स्वप्नं बंद होतील. त्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, जेवलेल्या माणसाच्या पोटातही जुनी भूक असते. माझ्या राहात्याच्या भरल्या घरात जेवताना मला हे वाक्य पुढं अनेकदा आठवलं आहे.

एक गोष्ट मात्र त्यांना छळायची. इतक्या माणसांत एकालाही चांगलं स्वप्न कसं पडत नाही? त्यांनी त्याचा अर्थ लावला, की दुष्काळानं या लोकांची सुखाची स्वप्नंही सुकवली आहेत. त्यावर त्यांनी मोठा लेख लिहिला आणि पुण्याला धाडला.

तो वाचून भर उन्हाळ्यात प्राध्यापक जीपनं आले. ओट्यापुढं थांबलेली माणसं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. निघताना म्हणाले, पावसाळा ओसरत आला की परदेशी पाहुण्यांना घेऊन येतो, त्यांनी एकदा पाहिलं की शाखेचं नक्की. जीप गेल्यावर डॉक्टरांनी माझ्या वर्गातल्या पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले. त्यांना असं आनंदात मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढं पाऊस झाला. छावण्या मोडल्या. वाचलेली गुरं घरी आली, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. कौसाबाईची ढवळी गायही आली. आणि ओट्यावरची गर्दी ओसरली. आधी वाटलं, पेरणीची घाई आहे. पेरण्या झाल्या, खुरपण्या झाल्या, तरी कुणी येईना. डॉक्टर रोज सकाळी चष्मा पुसून बसत. वाटेनं जाणारा माणूस राम राम करून पुढं जाई. आपलं काय चुकलं, हे ते मला विचारत. मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या राहात्याच्या घरी वाईट स्वप्न पडलं तर देवापुढं दिवा लावून मोकळे होत.

भादव्यात प्राध्यापक पाहुण्यांना घेऊन आले. ओट्यावर सतरंजी अंथरली होती. सकाळ चढत गेली. कुणी आलं नाही. पाहुणे घड्याळाकडे बघायला लागले. तेवढ्यात कौसाबाई शेणाची पाटी घेऊन चालली होती. डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज मला विनवणीसारखा वाटला.

"मावशी, रात्री काय दिसलं?"

"आता तुमाला कशाला तरास?" ती म्हणाली. "गाय आली न्हवं घरला."

कुणालाच काही समजेना, तेव्हा तिनं पाटी खाली ठेवून समजावून सांगितलं. तिच्या दृष्टीनं त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. वाईट सपान पडलं तर चूळ भरायच्या आत गाईच्या कानात सांगायचं. गाय रवंथ करते, त्यात ते जिरून जातं, खरं होत नाही. गुरं छावणीत गेली, सपनं तर रोज पडत होती, सांगायचं कुणाला? तेवढ्यात हे आले, आणि आपण होऊन विचारत होते. डॉक्टरांनी हळूच विचारलं, मग चांगली स्वप्नं?

"पडत्यात की. पन चांगलं कोन सांगतंय? सांगितलं की त्ये फळत न्हाई. चांगलं पदरात बांधून ठेवायचं."

प्राध्यापकांनी पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं आणि ते हसले. पाहुणेही हसले. "म्हणजे वर्षभर तुम्ही या लोकांची गाय होतात!" प्राध्यापक डॉक्टरांना म्हणाले. ते हसणं माझ्या कानातून गेलेलं नाही. शाखेचा विषय त्या दिवशी संपला. गोष्ट मात्र पुण्यात पोचली आणि सभासंमेलनांतून फिरली. गाय झालेल्या पंडिताची गोष्ट. ऐकणारे पोट धरून हसत. त्या गाईच्या कानात लोकांनी काय सांगितलं होतं, हे त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. ज्यांना मन नाही म्हणत होते, त्यांनी वर्षभर ओट्यावर येऊन ते उपसून टाकलं होतं, आणि या विद्वानांच्या हाती लागला तो एक विनोद!

डॉक्टर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "लेखातलं अर्धं चुकलं, बाई. सुकलं काहीच नव्हतं. मला दिलं नाही, एवढंच."

वसुबारसेला गावात ज्यांच्याकडे उरल्या होत्या त्यांनी गाई पूजल्या. संध्याकाळी कौसाबाई ओट्याशी आली. हातात बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी, गाईला दाखवतात तोच नैवेद्य. नव्या बाजरीची पहिली भाकरी होती ती. ताट त्यांच्यापुढं ठेवत म्हणाली, "ढवळीला दिलं. तुमालाबी पायजे. तुमीबी लई ऐकलंय." मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. डॉक्टरांनी ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

ती गेली नाही. खांबाला टेकून उभी राहिली. त्यांचं काम बुडालं हे तिच्या कानावर आलं होतं, आणि ते आपल्या बोलण्यानं बुडालं असं तिनं मनाला लावून घेतलं होतं. तिचा मुलगा कोपरगावकडे ऊस तोडायला गेला होता. हंगाम संपून टोळी परतली, तो परतला नव्हता. कुणी म्हणे भांडून निघून गेला, कुणी काही म्हणे.

"डाक्टर, पोराचं येक चांगलं सपान पडलंय," ती म्हणाली. "सांगू का? तुमचं काम व्हईल."

माझ्या हातातली सुई थांबली. त्यांच्या सबंध वर्षात न मिळालेली गोष्ट दारात उभी होती. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"नका सांगू, मावशी. राहू दे ते तुमच्यापाशी."

तिनं डोळ्याला पदर लावला आणि रिकामं ताट घेऊन गेली. मुलगा कधीच आला नाही. मी त्या गावात होते तोवर तरी नाही. कधीकधी मला संताप येतो, की ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? तिचं जे व्हायचं ते झालंच, निदान यांचं तरी काही झालं असतं. हा हिशोब मी पुष्कळदा मांडते, आणि ते 'नका सांगू' आठवलं की मोडून टाकते.

पुढं ते पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतच निवृत्त झाले. गेले तेव्हा पुण्यात शोकसभा झाली, मी मुद्दाम गेले होते. तेच प्राध्यापक, आता काठी टेकत, व्यासपीठावर आले. त्यांनी यांना या विद्येचे आद्य प्रवर्तक म्हटलं, आणि मग गाईची गोष्ट सांगितली. सभागृह प्रेमानं हसलं. मी उठून बाहेर आले आणि मिळाली ती एस.टी. पकडली.

मला आठवतात ते दिवाळीनंतर त्यांनी गाव सोडलं त्या सकाळचे. एस.टी. येऊन उभी होती, ट्रंक टपावर चढली होती, आणि डॉक्टर कुठं दिसेनात. मी शोधत कौसाबाईच्या घराशी गेले. ती गोठ्याकडे पाठ करून उभी होती. मला तिनं हातानंच थांबवलं. आत ढवळीच्या मानेवर हात ठेवून डॉक्टर वाकले होते. चष्मा हातात होता. तोंड तिच्या कानाशी होतं आणि ओठ हलत होते. पुष्कळ वेळ हलत होते. गाय रवंथ करीत उभी होती. मीही पाठ वळवली.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा ते बाहेर आले. डोळे लाल होते. रोजच्या सवयीनं मी वाट पाहिली, आता चष्मा पुसतील आणि विचारतील. आदल्या रात्री मला खरंच एक स्वप्न पडलं होतं, आणि त्या दिवशी मी ते सांगणार होते.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, हात जोडले आणि म्हणाले, "येतो, बाई. नमस्कार."