एका नावाचे दोन फोल्डर

चौलला राहून नवी मुंबईतल्या कंपनीचं काम घरून करायला लागले, त्याला तेव्हा दुसरं वर्ष होतं. आमची टीम बोटींच्या तिकिटांचं ॲप करायची, दुसरी एक टीम दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं. दोन्ही ॲप तयार करून आपापल्या फोल्डरमध्ये ठेवायचं काम एकच सामायिक स्क्रिप्ट करायची.

त्या आठवड्यात दवाखान्याचं ॲप रोज तयार व्हायचं आणि रोज गायब व्हायचं. त्या टीमचा मुख्य माणूस भातकापणीसाठी म्हसळ्याजवळच्या गावी गेला होता. सुट्टी बाजूला ठेवून तो लॅपटॉप घेऊन बसला. मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. 'तुमच्या बाजूला काही बदललंय का?' असा त्याचा मेल आला. मी एका ओळीत कळवलं, 'आमचं सगळं व्यवस्थित चालू आहे.' चालू होतंच, म्हणून मी पुढे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा अंगणात सुपारी वाळत घालत होता. मी सहज माझ्याच बदलांची यादी उघडली. आठवड्याच्या सुरुवातीलाच मी एक व्हेरिएबल घातलं होतं. त्यात आमच्या फोल्डरचा पत्ता, आणि त्याचं नाव नुसतं 'आउटपुट'. शोधलं, तर दवाखान्याच्या फाइलमध्येही तेच नाव, त्यांच्या फोल्डरसाठी. स्क्रिप्ट आधी त्यांची फाइल वाचायची, मग माझी, त्यामुळे शेवटी माझाच पत्ता उरायचा. त्यांचं ॲप आमच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायचं, आणि आमचं काम सुरू झालं की पहिलीच ओळ तो फोल्डर रिकामा करायची.

गुपचूप नाव बदललं असतं, तर बहुधा कुणी विचारलंही नसतं. मी त्याला फोन लावला.

"तुमचं ॲप मीच पुसत होते. तीन दिवस."

पलीकडे भात झोडल्याचा आवाज येत होता.

"म्हंजे मशीन बिघडलेलं न्हाय? मी तर साहेबांकडे नवीन मागून बसलोय!" आणि हसत सुटला.

मी माफी मागायला लागले, तसं तो म्हणाला, "अहो ताई, ते नाव आधी मीच ठेवलंय. पुढे ॲपचं नाव लाव, असं सांगितलं व्हतं मला. म्हटलं, एवढं टाइप कोण करणार!"

मग फोन चालू ठेवूनच आम्ही दोघांनी फायली उघडल्या. 'तिकीट_आउटपुट', 'दवाखाना_आउटपुट', असं करत एकेक नाव बदलत गेलो. मधेच त्याचे वडील हाक मारायचे, तो "आलो, आलो" म्हणायचा आणि बसूनच राहायचा. दोन फायलींत एकच नाव सापडलं तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं, अशी तपासणीही मी घातली. दुपारी दोन्ही ॲप आपापल्या फोल्डरमध्ये दिसली, तेव्हा कुठे तो भारे उचलायला गेला.

मी जेवायला बसले तेव्हा तीन वाजले होते. नवऱ्याने आमटी पुन्हा गरम केली.

"कोणाशी चालल्या होत्या एवढ्या गप्पा?"

"ऑफिसातल्या एकाशी," मी म्हणाले. "आजच ओळख झाली."