आतून ठोकल्यावरच

"अव्वा, लावा कुलूप. मी आतून ठोकल्याबिगर उघडू नका."

सरांचं रोजचं बोलनं हे. सर उदगीरचे, त्यांच्या घरी आईला अव्वा म्हनतात. बाकी समदे मला मावशीच म्हनतात. नांदेडच्या एका कालेजात मी झाडलोट करते. लोक मधीच दार उघडायचे, भाइरचा उजेड आत घुसायचा, सरांचं दिवसभराचं काम मातीत जायचं. म्हनून ते सोताला कोंडून घ्यायचे. किल्ली माज्या कमरेला.

खिडक्यांना काळा कागद. पंखा बंद, का तर वाऱ्यानं काच हालती. आपल्याकडची गरमी तुमाला ठावंच हाय. दोन घंट्यानं भाइर यायचे ते हिरीतून काढल्यावानी चिंब.

आत काय करता, मी एकदा इचारलं. रेशमाचे कोष उकळून काचेवर पातळ पापुद्रा करायचे, आन त्यातून उजेड काढायचा म्हने.

"मंग ट्यूब लावा की."

सर हसले. "ट्यूबमधून पोत्यानं सांडतो अव्वा. मला उजेडाचा एकेक दाणा पाहिजे. दोन संगं आले की वाया."

हे मला कळलं. मी चाड्यावर मूठ धरलेली बाई. तिफनीमागं चालत मुठीतून ज्वारी एकसारखी सोडायची, दाना कुठं दाट न्हाई, कुठं इरळ न्हाई. मुखेडकडं आमच्या शिवारात माजी मूठ नावाजलेली. मालक गेले, आन दिरानं ती मूठ चाड्यावरून काढली. मोकळ्या कपाळाच्या बाईनं पेरलेलं उगवत न्हाई, म्हनला. मंग मी हितं आले.

सर अकरा वर्सं तासावर शिकवत होते. तास हाय तवर मानूस हाय. बेंगलोरच्या एका लॅबनं कळवलं होतं, संक्रांतीपातूर एकेक दाना मोजून दाखवा, आमी तुमाला घेतो. "इथून सुटायला हे एकच दार आहे अव्वा," म्हनायचे. आन त्या दारापायी रोज दार लावून घ्यायचे.

पन दसऱ्यापासून दाने ढिगानं यायला लागले. सर काच पुसायचे, पुन्ना बसायचे. दाढी वाढली. डबा भरलेलाच परत जायचा.

काचा पुसायची मलमलची फडकी मी धुवायची. निस्त्या गरम पान्यात, असं सरांनी बजावलं होतं. पन नवरातीत घरातलं समदं धुनं काढतात. ती पिवळी फडकी बघून मला बरं वाटंना. पावडरीत टाकली. लई पांढरी निघाली. मंग तशीच धुत राहिले.

संक्रांत झाल्यावर एक दिवस सरांनी आतून ठोकलं. मी धुतलेली फडकी घेऊन गेले. "दार लावा," म्हनले, आन जांभळा दिवा लावला. माज्या हातातलं फडकं चांदन्यावानी पेटलं. पदर पेटला. हात बघितले तर रेघारेघांत उजेड.

"पावडरीत धुतलं का?"

"हाव."

सरांनी आतली काच दिव्याखाली धरली, तीबी तशीच पेटली.

"सर, दीर खोटं बोलत न्हवता," मी म्हनलं. "माज्या हातालाच हाय ते."

"हाताचं काही नाही अव्वा. पावडरीत चमक घातलेली असते. ती काचेला लागली."

कालेजच्या मोठ्या सायबांनी इचारलं, कशानं बिघडलं. सर म्हनले, "फडकी मीच धुतली होती." माजं काम टिकलं.

निस्त्या पान्यात नवी फडकी धुतली. आठ दिवसांत सरांनी मला आत बोलावलं. कंपुटरवर एक रेघ, मधोमध हिरीवानी खाली गेलेली. दोन दाने संगं येत न्हाईत, म्हनून ती खाली.

"बघा अव्वा, कशी मूठ आहे."

बेंगलोरला तवर दुसऱ्याला घेतलं होतं.

उन्हाळ्यात तास संपले. जूनमधी सर आले न्हाईत. लातूरला क्लासमधी शिकवतात. एकदा फोन केला.

"कसं हाय तिथं?"

"इथंही खिडक्या नाहीत अव्वा. एसी आहे."

"कुलूप कोन लावतं?"

"लावावं लागत नाही," म्हनले.

त्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवल्यात. किल्ली माज्याकडंच हाय. झाडायला जाते तवा कुलपाला हात लावून जरा उभी राहते. आधी आतून ठोकायचं असतं ना.