समुद्राकडे पाठ

उलट्या आजोबांची आणि आमची ओळख माझ्या मूर्खपणामुळे झाली. आम्हाला इंग्लंडात, लेस्टरला येऊन तीनेक वर्षं झाली होती. दिवस स्वस्त विमानांचे होते. ऑफिसात सोमवारी सकाळी कोणी प्रागहून परतलेला असायचा, कोणी बार्सिलोनाहून, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे सँडविच चावत पुढची तिकिटं शोधायचे. एके दिवशी मीही हात मारला. ऑगस्टचा पहिला आठवडा, स्पेन, तीन तिकिटं, आणि किंमत तिघांनी सिनेमा पाहावा एवढीच! बेलग्रेव्ह रोडवरून जिलबी घेऊन विजयी मुद्रेने घरी गेलो. मेधाने जिलबीचा तुकडा तोंडात टाकला, तिकिटांचा कागद वाचला आणि शांतपणे विचारलं, "अहो, आपले पासपोर्ट भारताचे आहेत ना? मग व्हिसा?"

ऑफिसातल्या गोऱ्या मंडळींना ज्याचा विचार आयुष्यात कधी करावा लागला नव्हता, त्याचा विचार त्यांच्यात बसून मीही केला नव्हता. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळत होती ती सप्टेंबरात. तिकिटं परत घेत नव्हते. आमच्या आठ वर्षांच्या सईने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मी मागच्या बागेत जाऊन उगाच गवत उपटत उभा राहिलो, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "काय मी डक, चेहरा का असा?"

लेस्टरकडची जुनी माणसं पोस्टमनपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांना लाडाने 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणतात, हे एव्हाना माहीत झालं होतं. बोलणारे होते शेजारचे रॉन, हेच ते आजोबा. मोज्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. मी सगळी कहाणी सांगितली. ते हसले नाहीत, हे मी अजून विसरलेलो नाही. म्हणाले, "स्केगनेसला समुद्रकाठी माझी कॅरॅव्हान आहे. तो आठवडा आमच्या मुलाचा, गॅरीचा, पण गॅरी मुलांना घेऊन स्पेनला चाललाय. तुम्ही या."

अशा रीतीने स्पेनला निघालेलो आम्ही स्केगनेसला पोचलो. कॅरॅव्हान म्हणजे चाकं असूनही कधी न हललेला एक लांबट, पिस्ता रंगाचा डबा. अशा डब्यांचा तिथे मोठा कॅम्पच होता आणि आजोबा उन्हाळाभर तिथेच मुक्कामाला असत. समोर पन्नास पावलांवर समुद्र. आणि डब्यापुढे, वारा अडवायला ठोकलेल्या कापडी आडोशामागे, आजोबांची पट्ट्यापट्ट्यांची घडीची खुर्ची. ती समुद्राकडे पाठ करून ठेवलेली. आजूबाजूच्या झाडून सगळ्या खुर्च्या पूर्वेला आणि ही एकटी पश्चिमेला! सईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "बाबा, आजोबाची खुर्ची उलटा आहे." तेव्हापासून आमच्या घरात ते उलटे आजोबा.

मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "समुद्र कुठे जातोय? आणि गेला तरी दिवसातून दोनदा परत येतो." मला हे फार विनोदी वाटलं. पुढचा आठवडाभर ऑफिसात मी ते स्वतःचं म्हणून खपवलं.

त्यांची दुसरी सवय केटलीची. प्यायला दोघं असोत की चौघं, केटली कायम काठोकाठ भरायचे. मेधा म्हणाली, "अहो रॉन, एवढं पाणी कशाला उकळता?" तर म्हणे, "अर्धी भरली आणि कोणी आलं, तर त्याला थांबावं लागतं." मेधाने केलेले बटाटेपोहे ते आनंदाने खात; फक्त वरून इंग्रजांचा तो आंबटगोड ब्राऊन सॉस ओतत. तो ओतताना मेधा समुद्राकडे बघायची. आभाळ कितीही गच्च असलं तरी कॅम्पच्या फाटकाच्या दिशेने बोट दाखवून ते म्हणायचे, "तिकडे उजळतंय बघा." तिकडे काही उजळलेलं मला पाच वर्षांत दिसलं नाही.

पाच वर्षं, कारण आम्ही दर ऑगस्टला जायला लागलो. गॅरीच्या आठवड्यात, गॅरीच्या खोलीत. संध्याकाळी आजोबा जुन्या गोष्टी सांगत. जुलैत लेस्टरचे कारखाने दोन आठवडे एकदम बंद व्हायचे आणि गल्लीच्या गल्ली स्केगनेसला यायची. घरी शेजारी असलेली माणसं इथेही शेजारीच. "भांडणसुद्धा घरी अर्धं सोडून इथे पुरं करायचो." मग विमानं स्वस्त झाली, आणि एकेक डबा रिकामा राहायला लागला. त्याबद्दल त्यांच्या बोलण्यात राग नसायचा. उलट पेपरातल्या स्वस्त तिकिटांच्या जाहिराती तेच मोठ्याने वाचून दाखवायचे. गॅरीच्या कुटुंबाला विमानतळावर सोडायला दरवर्षी स्वतः जायचे आणि नातवंडांसाठी सनक्रीमही घेऊन द्यायचे. तिथून थेट स्केगनेसला येऊन खुर्चीत बसायचे. घड्याळ बघून म्हणायचे, "आत्ता उतरले असतील."

तिसऱ्या की चौथ्या वर्षी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या खुर्चीतून कॅम्पचं फाटक सरळ दिसायचं. लाल गाडी आत शिरली की आजोबा किंचित पुढे झुकायचे. गॅरीची गाडी लाल होती. मुलगा स्पेनला उतरल्याचं घड्याळात बघून सांगणारा माणूस फाटकाकडे बघत होता. मी मेधाला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्हाला आज कळलं?"

आमचीही एक आई होती. माझी, सांगलीला. दर रविवारी फोन व्हायचा आणि शेवटी ती विचारायची, "यंदा कधी येताय?" मी म्हणायचो, बघू, रजा कमी आहे, सईची शाळा आहे. त्यावर ती कधी चिडली नाही. "या सवडीने. आम्ही कुठे जातोय?" एवढंच.

मग आम्हाला ब्रिटिश पासपोर्ट मिळाले. कौन्सिलच्या हॉलमध्ये शपथ घेऊन आलो त्याच आठवड्यात मी स्पेनची तीन तिकिटं काढली. पहिल्या वेळेचा सूड म्हणा. तारखा त्याच, ऑगस्टचा पहिला आठवडा. तिकिटं काढून झाल्यावर लक्षात आलं की आता आजोबांना सांगायला हवं. तीन आठवडे मी बागेत पाऊल टाकलं नाही. शेवटी मेधाने पाठीला हात लावून मला दाराबाहेर ढकललं.

कुंपणापलीकडे आजोबा झुडूप कापत होते. एकच फांदी बराच वेळ कापत असावेत.

"रॉन, तुम्हाला एक सांगायचं होतं," मी म्हणालो.

"मलाही," ते म्हणाले.

"आधी तुम्ही."

"नाही, तू आधी, मी डक."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मेधा मला डोळ्यांनी दटावत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी कात्री खाली ठेवली. "यंदा तुम्हाला डब्यात जागा नाही देता येणार. गॅरी येतोय. मुलांना घेऊन. दोन आठवडे." आणि एखादं पातक कबूल करावं तशी मान खाली घातली. "तुम्ही दरवर्षी येता, आणि मी..."

"रॉन! आम्ही स्पेनला चाललोय!" मी जवळजवळ ओरडलोच.

त्यांनी मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि इतके हसले की खोकल्याची उबळ आली. मग म्हणाले, "व्हिसा बघितलास ना?"

ते वर्ष मंदीचं होतं. गॅरीच्या कंपनीने माणसं कमी केली होती, त्यात तोही. पौंड घसरला होता आणि परदेशी जाण्याऐवजी देशातच सुट्टी घालवण्याची नवी टूम निघाली होती. पेपरांनी तिचं 'स्टेकेशन' असं बारसं केलं. आजोबा म्हणाले, "पन्नास वर्षं हेच करतोय. याला नाव असतं हे माहीत नव्हतं." पण टूम आली तशी कॅम्पच्या मालकालाही जाग आली. नवे, लाकडी ओसरीचे डबे आणायचे ठरले आणि वीस वर्षांवरचे जुने डबे ऑक्टोबरअखेर हलवा, अशी पत्रं गेली. आजोबांचा डबा बावीस वर्षांचा होता. पुढे तो ट्रकवर चढवून नेला, तेव्हा ते बघायला गेले नाहीत. चाकं होती तर एकदा फिरायला नको का, एवढंच म्हणाले.

मला मात्र त्याआधीचा ऑगस्टमधला एक शनिवार आठवतो. स्पेनहून परतलो होतो. तिथला बदामाचा खाऊ द्यायचं निमित्त काढून आम्ही दिवसापुरते स्केगनेसला गेलो. फाटकातून आत शिरलो. दरवर्षी गाडी वळायच्या आत आजोबांचा हात वर झालेला असायचा. त्या दिवशी झाला नाही. गाडी लावली, दारं आपटली, सईने हाक मारली, तरी काही नाही. जवळ गेलो तेव्हा खुर्चीची पाठ आमच्याकडे होती. समोर ओहोटीच्या पाण्यात गॅरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता आणि दोन पोरं त्याच्यावर पाणी उडवत होती. आजोबा त्यांच्याकडे बघत होते. डब्यात केटली वाजत होती आणि उठायला कोणाला सवड नव्हती. शेवटी मेधानेच आत जाऊन ती उतरवली. काठोकाठ भरलेली होती, सगळ्यांना पुरली.

परतीच्या वाटेवर मी जरासा हिरमुसलो होतो. म्हटलं, "आज आपण आलेलो त्यांना कळलंसुद्धा नाही."

मेधा खिडकीबाहेर बघत होती. दोन्ही बाजूंनी कोबीची सपाट शेतं मागे जात होती. सई मागे झोपली होती.

"अहो," ती म्हणाली, "घरी गेलो की दिवाळीची सांगलीची तिकिटं बघा. आणि या वेळी व्हिसा आधी काढा. आता तिकडे जायला आपल्याला लागतो."