गुढीच्या सुतळीखाली काच

चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पण टेलिफोनच्या केबली दिल्लीच्या जमिनीत घालण्यात माझा जन्म गेला, तेव्हा काचेच्या तारेबद्दल मला कुणी शिकवू नये. तांब्याची केबल सोसते. काचेचं तसं नाही. आत केसाएवढी काच, तिच्यातून उजेड धावतो. लांब पल्ल्याला पिवळी, तिच्यातली उजेडाची वाट सगळ्यात बारीक. इमारतीतल्या इमारतीत नारिंगी चालते. जमिनीखाली उंदीर कुरतडतात म्हणून पोलादी कवचाची काळी. ओढायची ती आतल्या मजबूत दोऱ्याला धरून. वळण ऐसपैस द्यायचं, आणि करकचून कधीच बांधायचं नाही.

आमच्या गाझियाबादच्या घरातली तार बारीक, पांढरी. बाल्कनीच्या कठड्यावरून आत येते. पाडव्याला मी श्रीखंड आणायला गेलो, तेवढ्यात बायकोने तिथंच गुढी उभारली आणि काठी सुतळीने कठड्याला आवळली. तारेसकट.

इथं पाडव्याची सुट्टी नसते. सुनेची नोएडातल्या कंपनीची मुलाखत होती, कॉम्प्युटरवर. मुलांपायी नोकरी सोडल्यावर इतक्या वर्षांनी आलेलं पहिलं बोलावणं. मी परतलो तर ती इंटरनेटच्या डब्यावरच्या लाल दिव्याकडे बघत बसलेली. मोबाइलला आमच्या घरात रेंज नाही.

सुतळी पाहिली आणि गुढी उतरवतो म्हणालो. बायको दारात आडवी.

"दिवस कलल्याशिवाय गुढी उतरत नाही. पोरीचं काम आहे, म्हणून तर बिलकुल नाही."

मी हट्टी, ती माझ्याहून. मग एका हाताने काठी धरली, दुसऱ्याने सुतळी सोडली. दबलेली तार हळूच सरळ झाली.

आतून सून म्हणाली, "बाबा, हिरवा आला. आता हात नका लावू, प्लीज."

बायको म्हणे, काठी पलीकडे बांधा. पण तार सगळ्या कठड्याभर पसरलेली, आणि आत मुलाखत सुरू झालेली. मी काठी धरून उभा राहिलो. खालून शेजाऱ्याने विचारलं, "अंकलजी, झंडा फहरा रहे हो?"

"ड्यूटी है," म्हटलं.

इतकी तार जमिनीत पुरली, पण तिच्यातून कोण काय बोलतं ते कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. सुनेचा आवाज आधी कापरा होता, मग सावरला, मग ती चक्क हसली.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. हात भरून आला होता, पण मी तसं दाखवलं नाही.

"घेतलं त्यांनी," म्हणाली आणि माझ्या हातातली काठी स्वतः धरली. "आता बांधा, बाबा. तुमच्या पद्धतीने."

तार बाजूला घेतली आणि काठी बांधली. सैल.