संपलेल्या सेलांचा दिवा

शाळेत मधली सुट्टी चालू होती आणि राहू गावाहून भाचीचा फोन आला. "मामा, आबा गेले," एवढंच ती म्हणाली. आबा म्हणजे तिचे वडील, माझ्या थोरल्या अक्काचे यजमान, माझे दाजी. केंदूरहून निघालो, भीमेचा पूल आला तरी डोळ्यांत पाणी नव्हतं. डोक्यात एकच वेडा प्रश्न घोळत होता, की दिव्यातला सेल आता कोण बदलणार... या गोष्टीला पाच आठवडे झाले.

दाजी साखर कारखान्यात वायरमन होते. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे आणि दाजींचा जन्मही म्हणे अशाच एका तळावरचा. पुढे शेती आली, घर झालं, पण मुक्काम हलवताना दोरीचा तुकडाही मागे न ठेवण्याची सवय त्यांच्या अंगात तशीच राहिली होती. जळलेले दिवे, मुके रेडिओ, टेलिफोनच्या दुरंगी तारा, सगळं पलंगाखाली. मी त्याला भंगार म्हणायचो. ते मला मास्तर म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द मोठाच आदराचा असायचा असं काही मला वाटत नाही.

अक्काला काचबिंदू झाला. एक डोळा गेला आणि दुसऱ्यात थोडा उजेड उरला. डॉक्टरांनी तोही जाईल असं सांगून ठेवलं होतं. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. एका तिन्हीसांजेला आम्ही चहा घेत असताना वीज गेली आणि अक्काच्या हातातली कपबशी खाली पडली. ती दोन्ही हात पुढे धरून म्हणाली, "लाइट गेली का माझा डोळा गेला? मला कळंना." मी घाईघाईनं म्हणालो, लाइट गेली गं, आम्हालाही दिसत नाहीये. त्यानंतर दाजींच्या मनानं एकच घेतलं, या घरात कधीही न विझणारा एक दिवा हवा. चाचपडणाऱ्या हातांपाशी कंदील ठेवायची सोय नव्हती, आणि चार्जिंगचे दिवे वीज यायच्या आधीच मान टाकायचे.

कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की संपलेल्या सेलवरही एलईडी पेटवता येतो. मी हसलो. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्ट लागतात, घड्याळातून काढलेल्या सेलमध्ये धड एकही उरलेला नसतो, हे मी वर्गात सांगावं तसं त्यांना सांगितलं. दाजी म्हणाले, "मास्तर, त्यो मेला न्हाई, दमलाय. एकदम वझं उचलाया लावू नका. हिसकं देत देत चालवू त्याला." त्या एका वाक्यात त्यांनी अख्खा ऑसिलेटर, म्हणजे थोड्या व्होल्टला झटके देत वाढवणारं सर्किट, सांगितला होता, हे मला फार उशिरा उमगलं.

जळक्या सीएफएल बल्बच्या पोटातून अंगठीएवढी काळी रिंग निघाली. तिच्यावर टेलिफोनच्या दोन तारा शेजारी शेजारी गुंडाळल्या. जुन्या रेडिओतला एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, झालं. दिवा काही लागेना. दोन रविवार गेले, सोल्डरचे डाग दिलेले सांधे चार वेळा सोडवले. शेवटी अक्काच म्हणाली, आणा इकडं. तिनं बोटांनी तारा चाचपल्या, लहानपणी आईजवळ बसून लोकर चाचपायची तशा. मग म्हणाली, "दोन्ही पदर एकाच अंगानं चाललेत की. लोकर दुपदरी करताना उलटा पीळ देत्यात, न्हाईतर दोरा धरत न्हाई. एकाचं त्वांड फिरवा." खरंच, आम्ही दोन्ही तारांची सुरुवातीची टोकं एकत्र जोडली होती. एका तारेचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडायला हवं होतं. टोकं बदलली आणि दिवा लागला... वायरमन आणि विज्ञानाचा मास्तर एकमेकांची तोंडं बघत राहिले.

तो उजेड विचित्र होता. निळसर, दुधाळ, कुठून येतोय ते चटकन न कळणारा. भिंतीतल्या देवळीत ठेवलेला तो ठिपका बघत बसलं की खोली हळूहळू मोठी होत जाते असं वाटायचं. भिंत कुठं संपते तेही कळायचं नाही. अक्का त्याच्याकडे तोंड करून बसायची आणि दाजी तिच्याकडे. गावभरच्या घड्याळांतले, रिमोटमधले संपलेले सेल लोक त्यांना आणून द्यायचे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा कधी रिकामा पडला नाही. रोज संध्याकाळी दाजी विचारायचे, दिसतोय का? ती म्हणायची, दिसतोय.

गेल्या रविवारी राहूला गेलो तेव्हा देवळीतला दिवा विझलेला होता. अक्कानं मला सेल बदलायला सांगितलं. डब्यातला एक घालून बघितला, मग दुसरा. दिवा लागला. अक्का तिथंच समोर बसली होती, तोंड त्याच्याकडेच होतं, आणि तिनं विचारलं, "लागला का रं?"

मी विचारलं, कधीपासून दिसत नाही? दीड वर्ष झालं, असं ती म्हणाली. दाजींना सांगितलं नव्हतंस?

"न्हाई. रोज इचारायचे, मी व्हय म्हनायची. कसं सांगनार... एक दिवस असंच इचारलं. मी म्हनलं, दिसतोय की. आन् मग सेल बसवल्याचा आवाज आला, खट् करून. मी व्हय म्हनले तवा दिवा लागलेलाच नव्हता, बाळा."

दाजी त्यावर काय म्हणाले, मी विचारलं.

"काय न्हाई. त्या दिसापासनं इचारायचंच सोडलं. सेल मातुर बदलत राहिले. बदलला की नुसतं सांगायचे, लावलाय गं."

बाहेर कुणीतरी मोटर चालू केली, पाइपातून पाणी आल्याचा आवाज झाला. अक्का अजून माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी पत्र्याच्या डब्याचं झाकण लावलं आणि तिच्याशेजारी येऊन बसलो.

"लावलाय गं, अक्का," मी म्हणालो.